साथ ओसरल्याचे श्रेय आणि मृत्यूचा दाखला

साथ ओसरू लागली की श्रेयाचे मानकरी वाढतात. कोविडच्या लाटा उतरल्यानंतर काढे व चूर्णे यांच्या प्रचारातही हेच दिसले. ‘आमचे औषध सुरू झाले आणि मृत्यू घटले’ हे विधान शास्त्राला धरून आहे काय, याचा विचार आपण वैद्यांनी व औषधी-विक्रेत्यांनी करावयास हवा.

साथीतील मृत्युदर पुष्कळदा औषधाची वाट न पाहताच चढतो व उतरतो. 1918 च्या जूनमध्ये मुंबईत इन्फ्लुएंझा आला. पहिली लाट सौम्य होती. दुसरीने मात्र कहर केला. 6 ऑक्टोबर या एका दिवशी शहरात 768 मृत्यूंची नोंद झाली. त्या वेळी कोणत्याही वैद्यकपद्धतीजवळ त्यावर खात्रीचे औषध नव्हते, तरीही लाट उतरली. देशात एक कोटीहून अधिक माणसे दगावली असावीत, असा अंदाज आहे. 1911 ते 1921 या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली. त्या दशकात हजारी सुमारे 47 असलेला मृत्युदर पुढील दशकात 36 वर आला. याउलट 1896 मध्ये मांडवीत आढळलेला प्लेग पुढे कित्येक वर्षे परतत राहिला. तेव्हा चार-सहा महिन्यांच्या उतारावरून गुणकारिता सिद्ध होत नाही.

आता कोविडकडे पाहू. देशात नोंदलेले मृत्यू 2019 मध्ये सुमारे 76.4 लाख, 2020 मध्ये 81.2 लाख, 2021 मध्ये 1.02 कोटी आणि 2022 मध्ये 86.5 लाख होते. यातील काही वाढ नोंदणी सुधारल्यामुळे आहे, हेही ध्यानात घ्यावे. साथीत जर्जर रुग्ण आधीच दगावले, तर पुढे काही काळ मृत्युदर नेहमीपेक्षा खाली जाऊ शकतो. उलट, निदान लांबलेल्या रोगांचे मृत्यू उशिरा दिसतात. नोंदलेले क्षयरुग्ण 2019 मधील सुमारे 24 लाखांवरून 2020 मध्ये 18 लाखांवर आले. क्षय मात्र घटला नव्हता, तपासणी घटली होती.

2020 व 2021 या दोन वर्षांत भारतात सुमारे 47 लाख अधिक मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता. शासकीय कोविडमृत्यू सुमारे 4.8 लाख होते आणि शासनाने तो अंदाज अमान्य केला. हा वाद सहज मिटत नाही, याचे एक कारण आपल्या लेखणीशी निगडित आहे. 2020 मध्ये नोंदलेल्या मृत्यूंपैकी केवळ 22.5 टक्क्यांचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झाले होते.

नाहूर, भांडुप, मुलुंड परिसरात घरी मृत्यू झाला की कुटुंबीय प्रथम ओळखीच्या वैद्याकडे येतात. त्या वेळी ‘हृदयक्रिया बंद पडली’ एवढेच लिहिणे म्हणजे काहीच न लिहिणे होय. हृदय तर प्रत्येकाचेच थांबते. ते थांबण्यास कारणीभूत झालेला मूळ व्याधी, त्याची कालमर्यादा व अनुषंगी विकार नोंदवणे हे आपले कर्तव्य आहे. रुग्ण आपण तपासलेला नसेल, तर दाखला नम्रपणे नाकारावा.

चरकसंहितेच्या विमानस्थानात जनपदोद्ध्वंसाचा स्वतंत्र अध्याय आहे. वायू, जल, देश व काल यांच्या दुष्टीतून समूहाच्या मृत्यूचा विचार करणारी ही परंपरा आपली आहे. औषधांच्या गुणांची परीक्षा नियंत्रित अभ्यासातून अवश्य व्हावी; तोवर उतरत्या आलेखावर आपला शिक्का मारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

– एक सभासद वैद्य, नाहूर