जुना ट्रॅक्टर दारी आला म्हणजे

शेतकरी बाजारातून बैल विकत घेतो तेव्हा त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, दहा पावले चालवून पाहतो. आणि घरी आणल्यावर शहाणा असेल तर चार दिवस त्याला इतर जनावरांपासून वेगळा बांधतो. तोच शेतकरी जुना ट्रॅक्टर घेताना टायर व रंग पाहतो, इंजिनाचा आवाज ऐकतो आणि दुसऱ्याच दिवशी त्याला नांगर जोडतो. आत कोणते तेल आहे व ते किती तास चालले आहे, हे विचारण्याचे त्याला सुचत नाही. विचारलेच तर ‘आत्ताच बदलले आहे’ हे ठरलेले उत्तर मिळते. या उत्तरावर कोणीही विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गोंडपिपरी तालुक्याच्या एका अंगाला वर्धा व दुसऱ्या अंगाला वैनगंगा वाहते. येथे कापूस आहे, पण धानाच्या बांध्याही पुष्कळ आहेत, आणि ट्रॅक्टरची खरी परीक्षा बांधीतल्या चिखलणीतच होते. लोखंडी चाके लावलेला ट्रॅक्टर तासन् तास धुऱ्यापर्यंत भरलेल्या पाण्यात फिरतो. मागच्या धुरीचे सील झिजलेले असले, की चिखलाचे पाणी हळूहळू आत शिरते. पुष्कळशा ट्रॅक्टरांत गिअर, हायड्रॉलिक व तेलात बुडालेले ब्रेक यांना एकच तेल पुरते. म्हणजे एकदा पाणी शिरले, की तिन्ही बाधतात.

२०२३ च्या खरिपात हे मी डोळ्यांनी पाहिले. तालुक्यातील एका शेतकऱ्याने बैलजोडी विकून व घरातील दागिना गहाण ठेवून मे महिन्यात जुना ट्रॅक्टर घेतला. जुलैत चिखलणीच्या तिसऱ्या दिवशी गिअर अडकले. खालची चकती उघडली तेव्हा दुधाच्या चहासारखे तेल बाहेर आले. बेअरिंगांवर गंज चढला होता. ते पाणी आदल्या मालकाच्या बांधीतले होते, दुरुस्ती मात्र नव्या मालकाच्या माथी आली. दुसऱ्याचा ट्रॅक्टर भाड्याने मिळेपर्यंत एकवीस ते पंचवीस दिवसांत लावावयाचे पऱ्हे चाळीस दिवसांचे झाले. अशा जून पऱ्ह्यांना फुटवे कमी येतात. ते नुकसान कोणत्याही गॅरेजच्या बिलात दिसत नाही.

ही परीक्षा घरी करता येते व तिला खर्च नाही. ट्रॅक्टर रात्रभर सपाट जागी उभा ठेवावा. पाणी तेलापेक्षा जड असल्याने तळाशी बसते. सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी गिअरपेटीचा खालचा बोल्ट किंचित सैल करावा. पाणी असेल तर तेच आधी येईल. मग ट्रॅक्टर थोडा चालवून तेल कोमट करावे व पूर्ण काढावे, कारण थंड तेलाबरोबर गाळ निघत नाही. तेल दुधाळ निघाले तर सील बदलून नवे भरावे, काही तास चालवावे व पुन्हा एकदा बदलावे.

इंजिनाचे तेल काळे दिसले म्हणून घाबरू नये. डिझेल इंजिनात नवे तेलही थोड्याच तासांत काळे होते. घाबरावयाचे ते दुसऱ्या खुणांना. पट्टीवर पांढरट फेस दिसला तर रेडिएटरचे पाणी तेलात उतरत आहे. तेलाची पातळी वाढली व त्याला डिझेलचा वास आला तर पंप गळत आहे. बोटांवर चोळल्यावर धातूची चमक दिसली तर आतील भाग झिजत आहेत. या तीनपैकी एकही खूण व्यवहारापूर्वी दिसली, तर सौदा सोडलेला बरा.

रेडिएटरमध्ये विहिरीचे पाणी ओतण्याची सवय फार जुनी आहे. ‘आमच्याकडे बर्फ कोठे पडतो?’ असे लोक विचारतात. परंतु कूलंट केवळ थंडीसाठी नसते. ते गंज रोखते व पाणी लवकर उकळू देत नाही. आपल्या जिल्ह्याचा मे महिना ज्याने पाहिला आहे त्याला अधिक सांगणे नको. टाकीच्या तळचा गाळ काढून डिझेलचे फिल्टर बदलावेत. एअर क्लीनरच्या वाटीतील तेल खुणेपर्यंतच भरावे. अधिक भरल्यास इंजिन ते ओढून घेते. स्टिअरिंगचे तेल व पुढच्या चाकांचे ग्रीस यांचाही विसर पडू नये.

तेल कोणते घालावे हे दुकानदाराने ठरवू नये. तेलात बुडालेल्या ब्रेकच्या ट्रॅक्टरात साधे नव्वद नंबरचे जाड तेल घातलेले मी अनेकदा पाहिले आहे. त्याने ब्रेक करकरतात व हायड्रॉलिक सुस्त होते. त्या मॉडेलची माहितीपुस्तिका मिळवावी व तीत लिहिलेलेच तेल घ्यावे.

जुने तेल काढले की जुने सील गळू लागतात, असा एक समज आहे. वस्तुतः गळती आधीचीच असते, घट्ट गाळाने ती झाकलेली असते इतकेच. खर्चाचा आक्षेप मात्र खरा आहे. गिअर व हायड्रॉलिकला तीस ते साठ लिटर तेल लागते, आणि नुकताच पैसा मोजलेल्या माणसाला ते जड जाते. म्हणूनच हा खर्च सौदा करतानाच किमतीतून वजा मागावा.

येथे आम्हा खात्यातील लोकांचीही चूक कबूल केली पाहिजे. नवा ट्रॅक्टर घेणाऱ्याला अनुदान आहे, हमी आहे, विक्रेत्याची पहिली मोफत सर्व्हिस आहे. जुना घेणारा बहुधा अधिक गरजू असतो, आणि तो आमच्या एकाही कागदावर दिसत नाही. मध्य प्रदेशात बुदनी येथे केंद्र सरकारचे ट्रॅक्टर प्रशिक्षण १९५५ पासून चालू आहे. सिंदेवाहीचे कृषी विज्ञान केंद्र तर आपल्याच जिल्ह्यात आहे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी मे महिन्याच्या सभेत बियाण्याबरोबर अर्धा तास या विषयाला द्यावा व गावात नव्याने आलेला प्रत्येक जुना ट्रॅक्टर स्वतः जाऊन पाहावा. तासांचा काटा बंद असेल, आणि बहुधा तो असतोच, तर अवजारांच्या पेटीत एक वही ठेवून तेल बदलल्याची तारीख व रोजचे कामाचे तास लिहिण्यास मालकाला सांगावे.

राहता राहिले काढलेले तेल. वाळवीसाठी ते लाकडाला फासण्याची किंवा नाल्यात ओतून देण्याची रीत सोडावी. २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते. नव्या तेलाच्या रिकाम्या डब्यांत ते भरावे, झाकण लावावे, आणि अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे माल पाठविणाऱ्या गॅरेजला द्यावे. पाच-सहा शेतकऱ्यांचे डबे एकत्र झाले, की एकाच खेपेत ते गावाबाहेर जातात.