सोपं लिहिणं म्हणजे हलकं लिहिणं?

"तू? आणि मराठी कादंबरी?" माझ्या उशाशी 'दुनियादारी' बघून रूममेटने विचारलं. तिचा चेहरा बघण्यासारखा होता! पण चूक तिची नाही. आमचं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये. मराठी म्हणजे फक्त मार्कांपुरता विषय. निबंधात 'रम्य पहाट' आणि 'पक्ष्यांचा किलबिलाट' टाकला की काम झालं. कर्वेनगरात चहाच्या टपरीवर आपण जे मराठी बोलतो ते कागदावर चालत नाही, असा माझा पक्का समज होता.

तो समज मोडला सुहास शिरवळकरांनी. म्हणजे त्यांच्या चाहत्यांच्या लाडक्या 'सुशिं'नी. 'दुनियादारी' १९८२ सालची. २०१३ चा सिनेमा आपण सगळ्यांनी पाहिलाय, पण पुस्तक किती जणांनी वाचलंय? बाहेरगावाहून पुण्यात शिकायला आलेला श्रेयस, एस. पी. कॉलेज, कट्टा, दिग्या आणि त्याची गँग... घर सोडून होस्टेलवर आलेल्या कुणालाही पहिल्या काही पानांतच ओळखीचं वाटेल असं सगळं. आणि भाषा? अगदी आपण बोलतो तशी! एकाही शब्दासाठी मला आईला फोन करावा लागला नाही.

इथेच काही लोक नाक मुरडतात. "शिरवळकर ना? टाइमपास आहे, साहित्य नाही." कारण काय, तर त्यांनी दारा बुलंद, फिरोझ इराणी, बॅरिस्टर अमर विश्वास असे नायक घेऊन ढीगभर रहस्यकथा लिहिल्या आणि लोकांनी त्या भराभर वाचल्या. मला हा न्याय कळत नाही. कोड दुसऱ्याला वाचून चटकन कळला तर आपण त्याला चांगला कोड म्हणतो. मग कादंबरी चटकन कळली तर ती हलकी कशी? सुशि २००३ साली गेले. तरीही २०२० मध्ये त्यांच्या 'समांतर'वर वेब सिरीज निघाली. नुसता टाइमपास इतकी वर्षं टिकतो का?

सोपं लिहिणं किती अवघड असतं, ते मी स्वतः लिहायला बसले तेव्हा कळलं. मेसच्या रांगेत पाच मुली बोलतायत, एवढाच प्रसंग. प्रत्येकीचं नाव न लिहिता कोण बोलतंय ते कळलं पाहिजे. अर्ध्या पानाला अख्खा रविवार गेला! सुशि हे पानंच्या पानं करतात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. माझी ती कथा वाचून एकजण म्हणाली, "हे काय, बोलल्यासारखं लिहिलंयस." तिला नाव ठेवायचं होतं. मी मात्र दिवसभर खूश होते.

आता आवडता लेखक म्हणून सगळंच गोड म्हणायचं का? नाही. 'दुनियादारी'चा कट्टा हा मुलांचा कट्टा आहे. शिरीन, मीनू लक्षात राहतात, पण बहुतेक वेळा आपण त्यांना मुलांच्या नजरेतूनच बघतो. त्या एकमेकींशी काय बोलत असतील, कट्ट्यावरच्या हिरोंना किती हसत असतील, हे मला वाचायचं होतं. पुस्तक मिटल्यावर आधी थोडा राग आला. मग वाटलं, बरंच झालं! जागा रिकामी आहे. ती भरायला जड मराठी लागत नाही, हे तर सुशिंनीच दाखवून दिलंय.

म्हणून म्हणते, 'माझं मराठी कच्चं आहे' हे कारण आता पुरे. दरवर्षी या अंकाच्या मराठी विभागासाठी लेख गोळा करताना संपादकांची दमछाक होते, आणि इकडे रात्री दोन वाजता होस्टेलच्या गच्चीवर एकाहून एक किस्से चालू असतात. तेच लिहा की! जसं सांगता तसं. शुद्धलेखन तपासायला माणसं मिळतात. पण तुमचा किस्सा तुमच्याशिवाय कोण सांगणार?