टिलर भंगारात घालण्याआधी एकदा उघडून तर पाहा!

आपल्या जिल्ह्यात कोणत्याही वस्तीवर जा. गोठ्यामागे, चिंचेखाली नाहीतर पत्र्याच्या शेडच्या कोपऱ्यात एखादा पॉवर टिलर किंवा पॉवर विडर उभा दिसतोच. वर फाटक्या ताडपत्रीचा तुकडा आणि हँडलवर कोंबड्या. मालकाला विचारले तर उत्तर ठरलेले, "इंजिन गेलं हो त्याचं." नेमके काय गेले, कशाने गेले, हे विचारले तर मात्र कोणाला सांगता येत नाही. बैल आजारी पडला तर आपण डॉक्टरला बोलावतो, काढा पाजतो, रात्रभर जागतो. यंत्र आजारी पडले की थेट भंगारवाल्याला हाक मारतो. हा कुठला न्याय?

माझाही टिलर असाच उभा होता. मुळा कालव्याच्या लाभक्षेत्रात आमची थोडी जमीन. उसाची बाळबांधणी आणि डाळिंबाच्या दोन ओळींमधली मशागत यासाठी २०१४ साली डिझेलवर चालणारा टिलर घेतला. दहा वर्षे त्याने इमानाने काम केले. मग सकाळी हँडल मारून मारून खांदे दुखायला लागले. चालू झाला की आधी पांढरा, मग निळा धूर. दर दोन दिवसांनी ऑइल कमी. ओढ तर अशी गेली, की भारी जमिनीत मधेच बंद पडायचा. एका दुकानदाराला दाखवला. त्याने झाकणही न उघडता निकाल दिला, "इंजिन संपलंय. नवीन घ्या, अनुदान आहे."

अर्ज भरायच्या तयारीत असताना शेजारच्या गावातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे सहज गेलो. त्यांनी नोझल काढून सिलिंडरमध्ये चहाचा एक चमचाभर ऑइल सोडले, नोझल पुन्हा बसवले आणि मला म्हणाले, "आता हँडल फिरव दादा." हँडल जड लागले! मिस्त्री म्हणाले, "व्हॉल्व्ह ठीक आहेत. रिंगा गेल्यात. ऑइलनं फट भरली म्हणून कॉम्प्रेशन आलं. व्हॉल्व्ह गळत असते तर ऑइल टाकूनही फरक पडला नसता." एका चमच्यात रोग कळला. दुकानदाराला तेवढाही वेळ नव्हता. (मिस्त्री जवळ नसताना हा प्रयोग घरी करू नका. ऑइल जास्त पडले तर इंजिनचेच नुकसान होते.)

इंजिन उघडल्यावर खरे कारण सापडले. एअर क्लीनरपासून इंजिनकडे जाणाऱ्या रबरी नळीला खालच्या बाजूने बोटभर चीर गेली होती. क्लीनर मी नेहमी साफ करायचो, पण धूळ क्लीनर सोडून चिरेतून आत जात होती. लायनरवर उभे ओरखडे, पिस्टनच्या रिंगा धारेसारख्या पातळ. नवा लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट आणि ती नळी, एवढे बदलले. सगळा खर्च नव्या टिलरच्या किमतीच्या पाचव्या हिश्शातही गेला नाही. यंदाची बाळबांधणी त्याच टिलरने झाली.

धूळ हीच खरी वाळवी

ही काही माझ्या एकट्याची कथा नाही, म्हणून थोडे समजून घेऊ. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, दाबून हवा तापते आणि त्या उष्णतेने डिझेल पेटते. रिंगा झिजल्या की दाबलेली हवा खाली निसटते, हवा पुरेशी तापत नाही, डिझेल अर्धवट जळते. म्हणून सकाळी चालू व्हायला त्रास आणि पांढरा धूर. खालचे ऑइल वर येऊन जळते, म्हणून निळा धूर. काळा धूर दिसला तर वेगळी शंका घ्यावी: क्लीनर तुंबलेला, नोझल खराब किंवा लोड जास्त. धुराचा रंग ओळखता आला तरी अर्धे निदान होते.

आता हिशोब करा. टिलरचे साधारण साडेसहाशे-सातशे सी.सी.चे एक सिलिंडरचे इंजिन मिनिटाला २,४०० फेऱ्यांनी फिरते आणि दर दोन फेऱ्यांना एकदा हवा ओढते. म्हणजे मिनिटाला जवळपास आठशे लिटर हवा, दोनशे लिटरचे चार मोठे बॅरल! आणि ही हवा कुठली? चैत्र-वैशाखात कोरड्या रानात फण चालतो तेव्हा जिथे माणसाला नाकाला रुमाल बांधावा लागतो, तिथली. ऑइलच्या वाटीचा क्लीनर असेल तर वाटी डिझेलने धुऊन खुणेपर्यंत नवे ऑइल घालायला दहा मिनिटे लागतात. धुळीच्या दिवसांत हे रोज करावे. ती दहा मिनिटे आपण वाचवतो आणि पुढे दहा वर्षांचे यंत्र घालवतो.

पेट्रोलवरच्या लहान विडरचे दुखणे आणखी निराळे. त्यांच्या बहुतेक इंजिनांत ऑइल फिरवायला पंप नसतो. कनेक्टिंग रॉडच्या टोकाची पळी ऑइल उडवते आणि तेच सगळीकडे पोचते. पोटात ऑइल जेमतेम अर्धा-पाऊण लिटर. लेव्हल थोडी उतरली किंवा उतारावर यंत्र तिरके चालले की पळी कोरडी फिरते. म्हणून ऑइल सपाट जागी रोज बघावे. नव्या इंजिनाचे पहिले ऑइल साधारण २० तासांनी आणि नंतर दर १०० तासांनी बदलावे, असे अशा इंजिनांच्या पुस्तिकेत सर्रास दिलेले असते. ती पुस्तिका आपल्यापैकी किती जणांनी उघडली आहे? खरे सांगा!

पेट्रोलचीही एक गोष्ट ध्यानात घ्या. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. आपल्याच कारखान्यांच्या उसातून इथेनॉल होते, त्याचा आपल्याला फायदाच आहे. पण अनेक जुन्या लहान इंजिनांच्या पुस्तिकेत दहा टक्क्यांपर्यंतच मिश्रण चालेल असे लिहिलेले आहे. इथेनॉल ओलावा ओढते आणि जुने रबर फुगवते. म्हणून हंगाम संपला की टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून ठेवावे. चार महिने पेट्रोल तसेच ठेवायचे आणि मग 'इंजिन गेलं' म्हणायचे, यात इंजिनाचा काय दोष?

सगळेच दुरुस्त करा असे म्हणणे नाही

ब्लॉकला तडा गेला असेल, गिअरपेटी फुटली असेल, बोअर शेवटच्या मापापर्यंत वाढवून झाला असेल किंवा पार्टच मिळत नसतील, तर हट्ट धरू नये. मढे उकरून उपयोग नाही. नव्या यंत्रात सोयी जास्त, डिझेल कमी लागते, हेही खरे. माझे म्हणणे एवढेच, की निर्णय मोजून घ्यावा. लेथवाल्याकडे बोअर आणि क्रँकचे माप घ्या, पार्टची किंमत लेखी मागा, मग नव्याशी तुलना करा. झाकण न उघडता जो 'संपलं' म्हणतो, तो मिस्त्री नव्हे, तो विक्रेता!

अनुदान खरेदीला, दुरुस्तीला काय?

आता थोडे सरकारदरबारी. कृषी यांत्रिकीकरण योजनेत अल्प व अत्यल्प भूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना ५० टक्के आणि इतरांना ४० टक्के अनुदान, ठरलेल्या मर्यादेपर्यंत मिळते. योजना चांगली आहे, अनेकांच्या दारात त्यामुळे यंत्र आले. पण हे अनुदान नव्या खरेदीचे आहे. आधी ऑनलाइन अर्ज, मग पूर्वसंमती, मग खिशातून खरेदी, मग बिल आणि शेवटी खात्यावर पैसे. त्यासाठी अनेक जण सोसायटीचे नाहीतर पाहुण्यांचे दार ठोठावतात. जुने यंत्र नीट करणाऱ्या शेतकऱ्याला मात्र काहीच नाही. ज्याने जपले तो उपाशी आणि ज्याने टाकले त्याला वाढून!

मिस्त्रींचेही तसेच. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. त्यात लोहार, सुतार, कुलूप दुरुस्त करणारे आहेत आणि ते असायलाच हवेत. पण इंजिनचा मिस्त्री त्या यादीत नाही. आज गावगाड्यात लोहाराइतकीच गरज ज्याची आहे, त्याला सरकारी कागदावर जागाच नाही. माझ्या टिलरचे मिस्त्री सत्तरीला टेकले आहेत. त्यांच्या हाताखाली एकही पोरगा नाही.

पार्टचा प्रश्न तर त्याहून बिकट. बाहेरच्या देशांतून आलेले स्वस्त टिलर आणि विडर मधल्या काळात गावोगाव विकले गेले. जुलै २०२० मध्ये केंद्राने पॉवर टिलर व त्याच्या मुख्य भागांच्या आयातीवर निर्बंध आणले. देशी उद्योगासाठी ते योग्यच असेल. पण ज्याच्या दारात आधीच परदेशी यंत्र उभे आहे, त्याने पार्ट कुठून आणायचे? 'दुरुस्तीचा हक्क' यावर केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली. तिच्या चार विषयांत शेती अवजारे हा एक विषय होता. त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टलही निघाले. तिकडे अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये कायदाच केला, की शेतीयंत्राच्या कंपनीने पार्ट, हत्यारे आणि दुरुस्तीची माहिती शेतकऱ्याला दिली पाहिजे. आपल्याकडे निदान एवढी अट घालता येईल, की अनुदानावर यंत्र विकायचे असेल तर ठरावीक वर्षे पार्ट तालुक्याच्या ठिकाणी ठेवावे लागतील. सरकारचा पैसा घेता, तर ही जबाबदारीही घ्या.

गावपातळीवर काय करता येईल

सगळेच वरून येईल म्हणून वाट पाहत बसू नये. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी भाऊसाहेब, ज्यांना आपण अजून कृषी सहायकच म्हणतो ते साहेब आणि सोसायटीचे चेअरमन यांना माझी हात जोडून विनंती आहे. दरवर्षी अक्षयतृतीयेच्या आधी गावात दोन दिवसांचे इंजिन दुरुस्ती शिबिर घ्या. आपल्या जिल्ह्यात राहुरीला कृषी विद्यापीठाचे कृषी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. बाभळेश्वर आणि दहिगाव-ने येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकची पोरे शिकतात. त्यांना शिकायला बिघडलेली इंजिने हवीत आणि ती आपल्याकडे भरपूर आहेत! त्या पोरांच्या शेजारी गावचा जुना मिस्त्री मानाने बसवा, त्याची दोन दिवसांची मजुरी ग्रामपंचायतीने किंवा सोसायटीने द्यावी. जिथे अवजारे भाड्याने देणारी बँक आहे, तिथे एक दुरुस्तीचे टेबल, मापाची हत्यारे आणि नेहमी लागणारे पार्ट ठेवा.

आणि शेतकरी बांधवांनो, आपणही एक करा. येत्या रविवारी टिलरवरची ताडपत्री काढा. एअर क्लीनर उघडा, नळीवरून हात फिरवा, ऑइलची काडी पुसून बघा. हँडल मारून पाहा, जड लागते का हलके. नंतरच ठरवा भंगारवाल्याला बोलवायचे की मिस्त्रींना. टाकायला एक दिवस लागतो, पुन्हा घ्यायला मात्र दोन हंगाम राबावे लागते. पटले तर करा, आणि मिस्त्रींकडे जाताना घरातला एखादा तरणा पोरगा बरोबर न्या. बघून तोही शिकेल.