बिडाच्या इमारती आणि बेदखल कारखानदारी

जुन्या व्यापारी इमारतींचे रूपांतर आलिशान निवासस्थानांत करण्याची जी लाट जगभर पसरली, तिचे उगमस्थान न्यूयॉर्कमधील सोहो हा भाग होय. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कापडाच्या व्यापारासाठी येथे बिडाच्या दर्शनी भागांच्या इमारती उभ्या राहिल्या. उंच छत, जड माल पेलणारे मोकळे मजले, कामाला उजेड मिळावा म्हणून ठेवलेल्या प्रचंड खिडक्या ही सारी उत्पादनाची आणि व्यापाराची गरज होती. आज तीच विक्रीची जाहिरात झाली आहे. ज्या खिडकीपाशी बसून कोणी शिवणकाम केले, तिच्यापाशी आता सोफा मांडलेला असतो!

या इमारती ओस पडल्या होत्या, असे सांगितले जाते. ते खरे नाही. १९६३ साली चेस्टर रॅपकिन यांनी नगर नियोजन आयोगासाठी या भागाची पाहणी केली, तेव्हा तेथे लहान कारखाने चालू असल्याचे व त्यांत कृष्णवर्णीय आणि पोर्टो रिकोहून आलेले कामगार मोठ्या प्रमाणात असल्याचे त्यांनी दाखवून दिले. या भागातून जाणारा द्रुतगती मार्ग लोकांच्या विरोधामुळे १९६९ साली बारगळला. इमारती वाचल्या, कारखाने मात्र वाचले नाहीत.

मोकळ्या मजल्यांवर प्रथम कलावंत राहू लागले, तेही कायद्याविरुद्ध. त्यांच्याविषयी आमची तक्रार नाही. स्वस्त जागा शोधणे हा गुन्हा नव्हे. १९७१ साली महापालिकेने प्रमाणित कलावंतांना तेथे राहण्याची मुभा दिली. १९७३ साली हा भाग ऐतिहासिक म्हणून घोषित झाला आणि १९७५ पासून अशा रूपांतरांना करसवलतही मिळू लागली. म्हणजे घरमालकाच्या नफ्यात सार्वजनिक तिजोरीची भर पडली. शिलाईच्या यंत्रापेक्षा शय्यागृहाचे भाडे अधिक येते, हे समजायला रिकार्डो वाचावा लागत नाही. १९८२ च्या कायद्याने अशा मजल्यांवर राहणाऱ्या भाडेकरूंना संरक्षण मिळाले, तेही लढून मिळवलेले. कारखान्यांच्या भाडेकरारांना तसे संरक्षण लाभले नाही. याच वर्षी शॅरन झुकिन यांनी आपल्या ग्रंथात या व्यवहाराची चिकित्सा केली.

आपल्याकडेही १९८२ हेच वर्ष आठवते. १८ जानेवारीला मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला. पुढे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा एक-तृतीयांश वाटा पालिकेला मोकळ्या जागांसाठी आणि एक-तृतीयांश गृहनिर्माणासाठी ठरवला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती आकसली; २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. गिरणगावात आज कोठे कोठे चिमणी तेवढी शोभेला उभी आहे.

आपल्यातील काही सहकारी जुन्या वास्तूंचे जतन हा मध्यमवर्गीयांचा छंद मानतात. आम्हांला ते मान्य नाही. या भिंती कामगारांनीच बांधल्या. त्या पाडून नव्या चढवण्यात दगड, लोखंड आणि श्रम यांची नासाडीच होते. तेव्हा रूपांतराला सरसकट विरोध करण्यात अर्थ नाही. प्रश्न एवढाच की, वापर बदलण्याची परवानगी देताच जागेचे मूल्य जे वाढते, ते कोणाचे? ती वाढ मालकाच्या कष्टातून येत नाही. परवान्यावरील सहीतून येते. म्हणून परवानगीपूर्वी तेथील चालू उद्योगांची व कामगारांची नोंद व्हावी, त्यांना त्याच परिसरात पर्यायी जागा मिळावी आणि मूल्यवाढीचा मोठा हिस्सा कामगारांच्या घरांसाठी वसूल व्हावा, अशी आमची मागणी आहे.

मुंबईत हे घडले नाही. गिरणी कामगारांना व त्यांच्या वारसांना घरांसाठी शेलू आणि वांगणी दाखवण्यात आली. म्हणून जुलै २०२५ मध्ये, संपानंतर त्रेचाळीस वर्षांनी, मुंबईतच घर द्या म्हणत त्यांना आझाद मैदानावर यावे लागले.