दिवा झकास, पत्ता चुकीचा

माझी मावसबहीण बायोलॉजीत पीएचडी करते. गेल्या दिवाळीत फराळाला आली तेव्हा चेहरा पार उतरलेला. सात महिने ती एक प्रोटीन शोधत होती आणि ते तिला रोज दिसत होतं. यूव्ही प्रकाशात ठळक, लालभडक बँड. मग कुणीतरी सुचवलं म्हणून ज्या पेशींमधून त्या प्रोटीनचं जनुकच काढून टाकलंय, अशा पेशी तिने तपासल्या. बँड तिथेही हजर! तेवढाच लालभडक. म्हणजे सात महिने बाईसाहेब भलत्याच कुणाचा फोटो काढत होत्या.

आपण प्रोग्रॅमर लोक याला काय म्हणतो? जी टेस्ट कधी फेलच होत नाही, ती टेस्टच गंडलेली असते.

आता हा लाल रंग कुठून येतो ते थोडक्यात. क्वांटम डॉट म्हणजे काही नॅनोमीटरचा अर्धवाहक कण. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. गंमत अशी की पदार्थ तोच, पण कण लहान असेल तर निळा चमकतो, मोठा असेल तर लाल. नेहमीच्या फ्लोरोसंट रंगांसारखा तो पटकन विझत नाही, आणि एकाच दिव्याखाली चार रंगांचे कण एकदम चमकवता येतात. 1998 साली 'सायन्स'च्या एकाच अंकात दोन अमेरिकी गटांनी हे कण जैविक नमुन्यांत वापरून दाखवले. 2023 चं रसायनशास्त्राचं नोबेल बावेंडी, ब्रूस आणि एकिमोव्ह यांना या कणांसाठीच मिळालं. मिळायलाच हवं होतं. त्याबद्दल वादच नाही.

माझं भांडण पुढे आहे. हा कण प्रोटीन ओळखत नाही हो! ओळखायचं काम त्याला चिकटवलेल्या अँटिबॉडीचं. अँटिबॉडी म्हणजे कुरिअरवाला आणि कण म्हणजे त्याच्या डोक्यावरचा दिवा. कुरिअरवाला चुकीच्या घरात शिरला, तर दिवा शंभरपट झगझगीत केल्याने काय होणार? चुकीचं घर शंभरपट उजळून दिसेल, एवढंच. 'अतिसंवेदनशील पद्धत' म्हणून बातम्या येतात त्या सगळ्या दिव्याच्या. कुरिअरवाल्याची चौकशी कोण करतं?

तुम्ही म्हणाल, एका मुलीच्या अनुभवावरून एवढा गळा काढायचा? मग हे बघा. 2023 साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या मंडळींच्या पुढाकाराने एक तपासणी प्रसिद्ध झाली. 65 प्रोटीन्ससाठी बाजारात विकल्या जाणाऱ्या 614 अँटिबॉडी त्यांनी जनुक काढलेल्या पेशींवर पारखल्या. ज्या नापास झाल्या, त्या वापरलेले पेपर सरासरी काढले तर प्रत्येक प्रोटीनमागे साधारण 12 निघाले. ते पेपर वाचून पुढचे लोक प्रयोग आखतात. कॅन्सरवर, मेंदूच्या आजारांवर. प्रॉडक्शनमध्ये बग गेलाय आणि आपण डॅशबोर्डचे रंग बदलतोय!

कणांची बाजूही मांडतो. चार रंग एकदम दिसतात, तर त्यातला एक रंग खात्रीच्या प्रोटीनला द्या आणि त्याच ब्लॉटवर तुलना करा. हा खरा फायदा आहे, तो घ्यावाच. पण त्यानेसुद्धा अँटिबॉडी खरी ठरत नाही.

उपाय काही रॉकेट सायन्स नाही. एक, जनुक काढलेल्या पेशींचा कंट्रोल दाखवल्याशिवाय नुसता चमकणारा बँड कुणी छापू नये. दोन, कॅटलॉग नंबर आणि लॉट नंबर पेपरमध्ये द्यावा. तीन, जमेल तिथे रिकॉम्बिनंट अँटिबॉडी वापरावी. तिचा सिक्वेन्स माहीत असतो, म्हणजे सोर्स कोड हातात असल्यासारखंच. प्राण्याच्या रक्तातून काढलेली पॉलिक्लोनल अँटिबॉडी म्हणजे सोर्स नसलेली बायनरी, प्राणी बदलला की व्हर्जन बदललं. मॅकगिलच्या तपासणीतही रिकॉम्बिनंटच सरस ठरल्या.

'कंट्रोलला वेळ आणि पैसा लागतो' हे उत्तर मला ऐकवू नका. डेडलाईनच्या नावाखाली टेस्टिंग उडवणारे मॅनेजर मी भरपूर पाहिलेत. तो कंट्रोल पहिल्या आठवड्यात झाला असता, तर बहिणीचे सात महिने वाचले असते. फेलोशिपचे महिने मोजून मिळतात, परत कुणी देत नाही.

असो. ती आता नवीन अँटिबॉडी घेऊन पुन्हा पहिल्यापासून बसलीये. परवा तिचा मेसेज आला: जनुक काढलेल्या पेशींत बँड नाही, सगळं काळंकुट्ट. इतक्या आनंदाने अंधाराचा फोटो पाठवणारी ती मला भेटलेली पहिलीच!