बांडगूळ आणि मेंदूतील गाठ



नरपडच्या वाडीत आंब्यावर बांडगूळ दिसले की आपण ते फांदीसकट छाटतो. ते फांदीत मुळे रोवून झाडाचा रस ओढते. मेंदूतील काही गाठी याही पुढे जातात.

गाठ वाढू लागली की तिला रक्त अपुरे पडते. मग ती रासायनिक इशारे सोडून जवळच्या रक्तवाहिन्यांना नवे फाटे फोडायला लावते. गाठी अशा नव्या रक्तवाहिन्यांवर पोसतात, हा विचार अमेरिकेतील शस्त्रवैद्य ज्युडा फोकमन यांनी १९७१ साली मांडला.

निरोगी मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या भिंती घट्ट असतात. गाठीतील नव्या वाहिन्या मात्र कच्च्या पाटासारख्या पाझरतात. भोवती पाणी साचून मेंदूला सूज येते. कवटी पसरत नाही, म्हणून आत दाब वाढतो.

पहाटे वाढणारी डोकेदुखी, वारंवार उलट्या, अंधूक दिसणे, एका बाजूचे हातपाय लुळे पडणे, मोठेपणी प्रथमच फिट येणे, ही लक्षणे अंगावर काढू नका. फिट आल्यास रोग्याला कुशीवर वळवा. कांदा हुंगवू नका, तोंडात काही घालू नका. प्रत्येक डोकेदुखी गाठीची नसते, पण ते तपासणीनेच कळते. आधी डहाणूच्या सरकारी रुग्णालयात दाखवा. पुढे गरज पडल्यास परळचे टाटा स्मारक रुग्णालय आहे. ते १९४१ पासून कर्करोग्यांची सेवा करीत आहे.

बांडगूळ वाढण्याची वाट आपण पाहत नाही. इथेही पाहू नये.