आधी अडचण, मग बटण

सॉफ्टवेअर समजावणारे अ‍ॅनिमेशन व्हिडिओ हल्ली सगळीकडे दिसतात. कार्टून हसतं, संगीत वाजतं, पण सॉफ्टवेअर नक्की करतं काय हे शेवटपर्यंत कळत नाही. माझ्या मते अशा व्हिडिओचं आधी पाठ टाचण तपासावं, चित्रं नंतर.

कॉमन क्राफ्टने २००९ मध्ये ड्रॉपबॉक्ससाठी केलेला व्हिडिओ बघा. कागदाची कात्रणं आणि ती सरकवणारा हात, बस्स! (आपलं शैक्षणिक साहित्यच की!) त्याची सुरुवात सर्व्हरने होत नाही. आधी येते रोजची अडचण, म्हणजे हवी ती वस्तू वेळेला जवळ नसणं. मग उपमा येते जादूच्या खिशाची. ती इतकी चपखल बसली, की पुढे कंपनीने आपल्या साठवण यंत्रणेलाच 'मॅजिक पॉकेट' नाव दिलं.

दुसरी गोष्ट पडद्यावरच्या मजकुराची. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांचे प्रयोग सांगतात, की चित्र आणि निवेदन चालू असताना तेच निवेदन शब्दशः छापलं तर शिकणं सहसा कमीच होतं. डोळ्यांनी चित्र बघावं की वाचावं?

समजा, बिलाच्या सॉफ्टवेअरचा व्हिडिओ आहे. तर महिनाअखेरीला वह्या चाळणारा दुकानदार आधी दाखवा. पंधरा सुविधांची यादी नको. बिल केलं, की साठ्यातून माल आपोआप वजा झाला, एवढं एकच नीट दिसू द्या. आपल्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे आईवडील दुकान चालवतात. वर्षभराचे पैसे भरण्याआधी त्यांना हेच तर कळायला हवं.